काजळीचा वंश: लांडग्यांच्या पैदाशीच्या खेळात एका मादीपासून घराणे कसे उभे करावे

ब्राउझरवर चालणाऱ्या लांडग्यांच्या पैदाशीच्या खेळांत खेळाडूच्या हाती एक आभासी कळप येतो. वुल्व्हडेन हे या प्रकारातील बरेच परिचित नाव. कळपातील प्रत्येक लांडग्याचे स्वतंत्र पान असते: वर चित्र, त्याखाली वय, लिंग, भूक, मनःस्थिती, अंगाचा मूळ रंग, त्यावरील ठिपके-पट्ट्यांची मार्किंग, ताकद, वेग, चपळाई यांसारख्या गुणांचे आकडे म्हणजेच स्टॅट्स, आणि कोठेतरी एका कोपऱ्यात आई-बाप व आजी-आजोबांची नावे. नवखा खेळाडू हे पान वरून वाचू लागतो आणि बहुधा चित्रापाशीच थांबतो. पैदाशीसाठी प्राणी निवडायचा असेल तर पान खालून वर वाचावे, म्हणजे आधी पूर्वज, मग स्टॅट्स आणि शेवटी रंगरूप पाहावे. या लेखातील बहुतेक सूचना या एका सवयीतूनच निघतात.

उदाहरणासाठी एक मादी घेऊ आणि तिचे नाव काजळी ठेवू. ती काळ्या रंगाची आहे, तिची चपळाई कळपाच्या सरासरीपेक्षा चांगली आहे, तिचा बाप काळा आणि आई राखाडी आहे. चित्र पाहणाऱ्याला येथे केवळ एक काळी मादी दिसेल, परंतु आई राखाडी आहे ही एकच नोंद तिच्याविषयी बरेच काही सांगून जाते. खऱ्या लांडग्यांत काळा रंग प्रभावी असतो, म्हणजे त्याच्या जनुकाची एक प्रत असली तरी तो दिसतो, आणि राखाडी अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती असल्या तरच दिसणारा. म्हणून राखाडी दिसणाऱ्या आईकडे राखाडीच्याच दोन प्रती असणार आणि त्यांतील एक काजळीकडे आलीच असणार. काजळी दिसते काळी, पण राखाडी रंग पोटात घेऊन फिरते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या पाठात जे मेंडेलचे संकर येतात, तेच हे गणित आहे. फक्त तेथे वाटाणा होता आणि येथे लांडगा आहे.

मात्र खेळ कोणत्या नियमाने चालतो, हे आधी तपासणे आवश्यक आहे. ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक गुणासाठी जनुकांच्या जोड्या असतात आणि पिल्लाला आई-बापांकडून एकेक प्रत मिळते. दुसऱ्या प्रकारात रंगांना दुर्मीळतेनुसार पायऱ्या ठरवून दिलेल्या असतात. पिल्लू बहुधा आईचा किंवा बापाचा रंग घेते, क्वचित दोहोंच्या मिश्रणातून तिसरा रंग निघतो, आणि रंग जितका दुर्मीळ तितकी तो पिल्लात उतरण्याची शक्यता कमी राहते. खेळाच्या मदतपानावर हे सहसा लिहिलेले असते. ते न वाचता मेंडेलचा तक्ता मांडून बसणाऱ्यांची दुसऱ्या प्रकारच्या खेळात हमखास निराशा होते, आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो.

जोडी लावण्यापूर्वी

एका वंशासाठी एकच ध्येय ठरवावे. स्टॅट्स, रंग आणि दुर्मीळ म्युटेशन (जनुकातील अचानक झालेला बदल) या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळवू पाहणारा खेळाडू प्रत्येक लिटरमधून, म्हणजे एका वेळी जन्मलेल्या पिल्लांतून, जवळजवळ सगळी पिल्ले बाद करतो आणि तरीही पुढे सरकत नाही. तीन स्वतंत्र गुण, प्रत्येकाची शक्यता चारात एक, असे धरले तर तिन्ही एकाच पिल्लात येण्याची शक्यता चौसष्टात एक होते. म्हणून आधी एक गुण वंशात स्थिर करावा आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. काजळीच्या बाबतीत आपण चपळाई हे मुख्य ध्येय धरू आणि रंगाचा विचार जोडीला ठेवू.

आता काजळीसाठी भस्म्या नावाचा नर घेऊ. तोही काळा, त्याचीही आई राखाडी. दोघेही राखाडीची एकेक प्रत बाळगून आहेत, त्यामुळे प्रत्येक पिल्लू राखाडी निघण्याची शक्यता २५ टक्के आहे. येथे अनेकांचा असा समज होतो की चार पिल्ले झाली म्हणजे त्यांतील एक राखाडी असणारच. प्रत्यक्षात प्रत्येक पिल्लाचा फासा वेगळा पडतो. चार पिल्लांत एकही राखाडी नसण्याची शक्यता ०.७५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ३२ टक्के आहे. दर तीन लिटरमागे जवळपास एक लिटर या दृष्टीने कोरडे जाणार. आठ पिल्लांपर्यंत थांबल्यास निदान एक राखाडी मिळण्याची शक्यता सुमारे ९० टक्के होते आणि ९५ टक्क्यांची खात्री हवी असेल तर अकरा पिल्लांची तयारी ठेवावी लागते. ही तयारी म्हणजे गुहेतील जागा, अन्न आणि पिल्लांची देखभाल करणारे प्रौढ लांडगे. जोडी लावण्याआधी हा हिशेब मांडावा. पिल्ले जन्मल्यावर तो मांडण्यात अर्थ नसतो.

आणि ज्या प्राण्याचे पूर्वज पानावर दिसतच नाहीत, त्याचे काय? खेळात रानातून पकडलेले किंवा कळपात आपणहून आलेले लांडगे असे असतात. अशा काळ्या मादीकडे राखाडीची प्रत आहे की नाही, हे शोधायचे असेल तर तिची जोडी राखाडी नराशी लावावी. एक जरी पिल्लू राखाडी निघाले तरी प्रश्न निकाली निघतो. पाचही पिल्ले काळी निघाली, तर ती प्रत असूनही केवळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता बत्तिसात एक, म्हणजे सुमारे ३ टक्के उरते. या चाचणीसाठी एक हंगाम खर्ची पडतो खरा. तरीही महाग मादी विकत घेतली असल्यास तो खर्च करावा, असे माझे मत आहे.

काळ्या रंगाविषयी येथेच एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. उत्तर अमेरिकेतील लांडग्यांत काळा रंग पाळीव कुत्र्यांशी झालेल्या जुन्या संकरातून आला, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ आणि १९९६ मध्ये मिळून कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले गेले. तेथील आजच्या लांडग्यांत काळे आणि राखाडी साधारण निम्मे-निम्मे आढळतात. काळ्याच्या दोन प्रती घेऊन जन्मलेले लांडगे मात्र तेथे कमी जगतात, असे दिसून आले आहे. खेळात हा तोटा बहुधा नसतो, त्यामुळे दोन्ही प्रती काळ्या असलेली मादी तेथे बिनधास्त वापरता येते.

नात्यातील जोड्या

या विषयावर मी अधिक थांबणार आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबईतील खेळाडूंना हा प्रश्न विशेष भेडसावतो. येथे खेळाडूंचे गट शाळा, क्लास किंवा गृहसंकुल यांच्या ओळखीतून बनतात. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या संकुलात कोणाकडे तरी एक देखणा, भारी स्टॅट्सचा नर असतो. तो मित्रांना स्टड, म्हणजे पैदाशीचा नर, म्हणून फुकट किंवा नाममात्र दराने देतो. मग नौपाड्यातील, ऐरोलीतील आणि नेरूळमधील मित्रमैत्रिणी आपापल्या माद्यांना तोच नर लावतात. पुढे सगळे एकमेकांत पिल्लांची देवाणघेवाण करू लागतात आणि प्रत्येकाला वाटते की आपण बाहेरचे रक्त आणले. वास्तविक ती सगळी पिल्ले एकाच बापाची, म्हणजे सावत्र भावंडे असतात. कुत्र्यांच्या आणि गुरांच्या पैदाशीतही लोकप्रिय नराचा हा दुष्परिणाम चांगलाच ओळखीचा आहे.

नात्याची जवळीक मोजण्याची पद्धत सिवॉल राइट या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने १९२२ साली मांडली आणि ती कागदावर सहज करता येते. नर आणि मादी यांचा समान पूर्वज शोधावा. मादीपासून त्या पूर्वजापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि नरापासून किती, ते मोजावे. दोन्हींची बेरीज करून त्यात एक मिळवावा आणि अर्ध्याचा तितकाच घात घ्यावा. समजा काजळीच्या बापाचा बाप आणि भस्म्याच्या आईचा बाप एकच आहे. काजळीपासून दोन पायऱ्या, भस्म्यापासून दोन, त्यात एक मिळवून पाच. अर्ध्याचा पाचवा घात म्हणजे बत्तिसात एक, अर्थात त्यांच्या पिल्लांसाठी ३ टक्क्यांहून किंचित जास्त. आजोबांबरोबर आजीही तीच असेल तर दोन्हींचे मिळून ६.२५ टक्के होतात. सावत्र भावंडांच्या जोडीत हा आकडा १२.५ टक्के, तर सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीत २५ टक्के येतो. समान पूर्वज स्वतःच नात्यातील जोडीतून जन्मलेला असल्यास आकडा आणखी वाढतो.

काही खेळ हे गणित आपणहून करून देतात, काही केवळ जवळच्या नात्याची सूचना दाखवतात आणि काही पूर्ण गप्प राहतात. सूचना दाखवणारे खेळसुद्धा बहुधा ठरावीक पिढ्यांपर्यंतच मागे पाहतात, म्हणून सूचना आली नाही याचा अर्थ नाते नाही असा घेऊ नये. मी ६ टक्क्यांवर रेघ आखतो. त्याच्या वर जाणारी जोडी, ती कितीही सुंदर पिल्ले देणार असली तरी, टाळावी. एखादा दुर्मीळ अप्रभावी गुण पक्का करण्यासाठी कोणी मुद्दाम जवळची जोडी लावत असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण मग त्या पिल्लांची पुढची जोडी अगदी परक्या रक्ताशीच लावावी.

हे सारे केवळ खेळातील काळजीपोटी सांगत नाही. अमेरिकेतील सुपीरिअर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९८० साली ५० लांडगे होते. पुढे कुत्र्यांपासून आलेल्या पार्व्हो विषाणूने ती संख्या कोसळली आणि त्यानंतर आप्तसंबंधांतील प्रजननाने त्यांना ग्रासले. कित्येकांच्या मणक्यांत विकृती आढळल्या. १९९७ मध्ये गोठलेल्या सरोवरावरून एक परका नर बेटावर आला आणि काही काळ कळपांना उभारी मिळाली. परंतु त्याचाच वंश इतका पसरला की काही पिढ्यांत जवळजवळ सगळेच त्याचे नातलग झाले. २०१८ पर्यंत दोनच लांडगे उरले होते आणि ते बाप आणि मुलगी होते. त्यानंतर २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे तेथे आणावे लागले. परका नर एकदा आणला म्हणजे काम संपत नाही, हे या बेटावरून नीट कळते. घोडबंदरच्या देखण्या स्टडची कथाही याहून फारशी वेगळी नाही.

म्हणून गटातील व्यवहारांसाठी साधा नियम करावा: कोणताही एक नर गटातील दोनपेक्षा अधिक खेळाडूंनी वापरू नये आणि दर दोन पिढ्यांनी प्रत्येकाने गटाबाहेरील, पूर्वजांची यादी स्वच्छ असलेला एक प्राणी आणावा. पूर्वजच नसलेला, पहिल्या पिढीचा लांडगा रूपाने सामान्य असला तरी अशा वेळी मोलाचा ठरतो. स्टडची फी वाचवण्यासाठी मित्राचा नर पुन्हा पुन्हा वापरणे हा या खेळातील सर्वांत महाग फुकटेपणा आहे.

स्टॅट्स वाढवणे

चपळाईसारखा गुण मेंडेलच्या तक्त्यात बसत नाही. तेथे सरासरीचा विचार करावा लागतो. कळपाची सरासरी चपळाई १०० आहे आणि निवडलेल्या आई-बापांची सरासरी १२० आहे असे समजू. पिल्लांची सरासरी १२० येईल अशी अपेक्षा ठेवल्यास पदरी निराशा येते. ती १०८ आली, तर याचा अर्थ निवडीतून मिळालेल्या २० गुणांच्या आघाडीपैकी ८ गुण, म्हणजे ४० टक्के, पुढे उतरले. हे प्रमाण तीन-चार लिटरच्या नोंदींतून काढावे, एका लिटरवरून नव्हे. एकदा ते हाती आले की पुढील पिढीचा अंदाज बांधता येतो आणि महागडा नर घेणे परवडेल की नाही, हेही ठरवता येते. १२० च्या जागी १३० सरासरीची जोडी लावण्यासाठी दुप्पट खर्च येत असेल आणि त्यातून पिल्लांना केवळ चार गुण अधिक मिळणार असतील, तर तो खर्च मी करणार नाही.

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवावा. खऱ्या प्राण्याने शिकारीत कमावलेली ताकद जनुकांतून पिल्लात उतरत नाही. काही खेळांत मात्र पिल्लाचे आकडे आई-बापांच्या त्या वेळच्या आकड्यांवरून ठरतात. तुमच्या खेळात काय घडते ते तपासण्यासाठी काजळीचे एक लिटर ती अननुभवी असताना आणि दुसरे, त्याच नरापासून, ती भरपूर शिकार करून आल्यावर घ्यावे व दोन्हींतील पिल्लांचे जन्मावेळचे आकडे ताडून पाहावेत. फरक ठळक असेल तर मादीला लवकर जोडीस लावू नये, तिला आधी कळपाबरोबर शिकारीस पाठवावे. फरक नसेल तर वाट पाहण्यात तिचे वय वाया जाते.

नोंदींसाठी साधी दोनशे पानी वही पुरते, स्प्रेडशीट असेल तर उत्तमच. प्रत्येक पिल्लासाठी जन्माचा दिवस, आई, बाप, दोन्हींकडचे आजी-आजोबा, जन्मावेळचे स्टॅट्स, रंग आणि ते कोणाला दिले, एवढे लिहावे. दिलेल्या पिल्लांची नोंद ठेवण्याचा लोक कंटाळा करतात, आणि वर्षभराने तेच पिल्लू नाव बदलून वाशीच्या एखाद्या मित्राकडून त्यांच्याकडे परत येते.

वेळ आणि पैसा

या खेळांत दिवस बदलतो तो सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे. त्याला खेळाडू रोलओव्हर म्हणतात. भूक, वय, गर्भारपण आणि मादीची हीट (माजाचा काळ) हे सर्व त्यावर चालते. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ पाळत असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिवस बदलेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ असेल तर उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला, कारण तेथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे पुढे-मागे केली जातात. साडेनऊची वेळ म्हणजे ठाणेकर लोकलमध्ये उभा असण्याची वेळ. शिकार, अन्न वाटणे अशी किरकोळ कामे तेथे खुशाल उरकावीत. जोडी पक्की करणे आणि खरेदी-विक्री ही कामे मात्र घरी, स्थिर नेटवर्कवर करावीत. गाडीत नेटवर्क तुटले की पान अडकते, माणूस बटण पुन्हा दाबतो आणि फी दोनदा जाते किंवा भलताच नर निवडला जातो. अशी जोडी बहुतेक ठिकाणी मागे घेता येत नाही.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. खेळात साधे चलन खेळून मिळते आणि दुसरे, मौल्यवान चलन खऱ्या पैशांनी विकत घेता येते. पैदाशीत खरे पैसे ओतण्याची गरज नाही. घरातील शाळकरी मूल खेळत असेल तर पालकांनी कार्ड खेळाच्या संकेतस्थळावर साठवून ठेवू देऊ नये. प्रत्येक हंगामात प्रत्येक मादीची पिल्ले काढण्याचा मोहही आवरावा. बाजारात सामान्य पिल्लांचा नेहमीच पूर असतो आणि त्यांच्या पोषणावर खर्च होणारे अन्न विक्रीतून भरून निघत नाही. पूर्वजांची स्वच्छ यादी आणि मोजलेले स्टॅट्स जोडून विकलेले एक पिल्लू दहा अनाम पिल्लांपेक्षा चांगला भाव मिळवते.

रंगाची हौस ज्यांना भागवायचीच आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना आहे. या खेळांतील लांडगे बहुतांशी उत्तर अमेरिका आणि युरोपातील दाट केसाळ लांडग्यांवर बेतलेले असतात. ठाण्याजवळील येऊरच्या जंगलात बिबट्या आहे, लांडगा नाही. आपला लांडगा सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतील कोरड्या माळरानांवर राहतो. तो अंगाने लहान, आखूड केसांचा आणि वाळक्या गवतात मिसळून जाणाऱ्या करड्या-तपकिरी रंगाचा असतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. खेळात असा मळका रंग कोणालाच नको असतो, म्हणून तो स्वस्त मिळतो. फिकट तपकिरी मूळ रंग, पाठीवर गडद छटा, पोट व पाय फिकट, अशी मार्किंग जुळवत माळरानी वंश तयार करता येतो आणि त्यात स्टॅट्सवर लक्ष देण्यास मोकळीकही राहते. दुर्मीळ निळसर रंगांच्या मागे धावणाऱ्यांपेक्षा या वाटेने जाणारे खेळाडू मला अधिक समंजस वाटतात.

काजळीचे वय उतरणीला लागण्याच्या बऱ्याच आधी तिची वारसदार निवडावी. शेवटच्या लिटरची वाट पाहू नये, कारण ते लहान निघू शकते किंवा त्यात एकही मादी नसू शकते. चपळाईत पहिल्या दोन क्रमांकांच्या लेकी, शक्यतो वेगवेगळ्या बापांच्या, ठेवाव्यात आणि बाकीच्या द्याव्यात. दोघींपैकी सरस लेकीचे बापाकडील रक्त गटात सर्वत्र पसरलेले असेल, तर दुसरीला पुढे आणावे. काजळी निवृत्त झाली किंवा कळपातून काढली की काही ठिकाणी तिचे पान उघडेनासे होते आणि वंशावळीत तिच्या जागी नुसते रिकामे चौकोन राहतात. म्हणून त्याआधीच तिचे स्टॅट्स, तिचे आई-बाप आणि आजी-आजोबा वहीत उतरवून घ्यावेत आणि दोन्ही लेकींच्या टिपणांत तिचे नाव लिहून ठेवावे.